शिरस्त्राणातील सरकती काच

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याविषयी मला आज्ञा झाली आणि विषय कळविण्यास सांगण्यात आले, तेव्हा मी एका कागदावर "हेल्मेटातील काळी काच" एवढेच लिहून पाठविले. कार्यवाहांनी तो कागद वाचून अतिशय सौजन्याने मला विचारले, "मास्तर, मुलांच्या अभ्यासावर काही बोलला असता तर बरे झाले नसते का?" मी त्यांना म्हणालो की, मी विज्ञानाचा शिक्षक आहे आणि या विषयात माझ्या नववीच्या वर्गाचे बरेचसे पुस्तक येऊन जाते; शिवाय सभागृहाबाहेर आज किती दुचाक्या उभ्या आहेत ते एकदा पाहून यावे. ते पाहून आले आणि विषय मंजूर झाला.

विषयाला एक निकडीचे कारणही आहे. पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना संस्था दरवर्षी जे बक्षीस देते, ते यंदा पेन किंवा घड्याळ न देता हेल्मेटच्या रूपाने द्यावे, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो एवढाच की, उन्हाकरिता आत सरकती काळी काच असलेले, थोडे महागाचे हेल्मेट घ्यावे की साधे घ्यावे. एका पक्षाचे म्हणणे असे की, ग्वाल्हेरच्या उन्हात काळ्या काचेवाचून मुले हेल्मेट घालणारच नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, ही चैन आहे, चार दिवसांत मोडणारे खेळणे आहे. दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत. पैसा वर्गणीचा आहे आणि डोकी आपल्याच मुलांची आहेत. तेव्हा वाद नीट समजून घेणे बरे.

प्रथम उन्हाची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि त्या दिवसांत दुपारी दोन वाजता महाराज बाड्यावरून निघून घरी पोहोचेपर्यंत हेल्मेटात काय होते, हे मी तुम्हाला सांगावयास नको. परंतु उष्णता ही एक गोष्ट आणि डोळ्यांवर येणारी तिरीप ही दुसरी. उष्णता सोसता येते. तिरीप आली म्हणजे माणूस क्षणभर आंधळा होतो. आपल्या शहराची रचनाच अशी आहे की, तिरिपीपासून सुटका नाही. हे वस्तुतः तीन गावांचे शहर आहे: किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दक्षिणेकडचे लष्कर आणि पूर्वेकडचे मुरार. लष्करात राहून मुरारला नोकरीस जाणाऱ्या माणसाला सकाळी सूर्य समोर असतो आणि सायंकाळी परतताना तोच सूर्य पश्चिमेला जाऊन पुन्हा समोर उभा असतो. उलट मुरारला राहणारा आणि लष्करात कामाला येणारा दोन्ही वेळा सूर्य पाठीवर घेऊन जातो. भाड्याचे घर शोधताना हाही एक हिशेब करून पाहावा!

समोर सूर्य आला की आपली माणसे काय करतात, ते रोज पाहावयास मिळते. कोणी डावा हात कपाळावर धरून एका हाताने गाडी चालवितो. कोणी साफी डोळ्यांपर्यंत ओढून घेतो. कोणी हेल्मेटच्या काचेवर काळी फिल्म चिकटवून घेतो, किंवा दुकानातून सरळ काळी काचच बसवून आणतो. ही शेवटची युक्ती दिवसा फार सुखाची वाटते. पण हाच माणूस शिकवणी किंवा दुकान आटोपून रात्री नऊ वाजता घरी निघतो, तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. काळ्या काचेतून रस्त्यावर बसलेली गाय त्याला दिसत नाही. आणि काच वर केली तर धूळ व किडे थेट डोळ्यांत येतात. बहुतेक जण काच वर करतात. काही जण तर तिसरी वाट काढतात आणि हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवितात. कोपराचे रक्षण त्यामुळे उत्तम होत असावे.

आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक पुण्यास आहेत. तेथे १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडकपणे अंमलात आणली, तेव्हा केवढे वादळ उठले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. विरोधासाठी कृती समिती होती, मोर्चा निघाला, सभा झाल्या. उकाडा होतो, मान दुखते, मागचा आवाज ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, अशी कारणे पुढे आली. पुणेकरांना हसणे सोपे आहे, पण ही कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. जी वस्तू घालून माणसाला त्रास होतो, ती तो पोलीस दिसेपर्यंतच डोक्यावर ठेवील. कायद्याने काम भागले असते तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानेच भागले असते. २०१९ च्या दुरुस्तीने तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द, अशी शिक्षा आली. इंदूर-भोपाळला १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेटवाचून पेट्रोल न देण्याचे हुकूम निघाले. आणि तरीही केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत दगावली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागे कोण बसते? आपली पत्नी, आपली आई, आपले मूल.

म्हणून त्रास कमी करणारी कोणतीही योजना मी चैन मानीत नाही. पण ती योजना हेल्मेटच्या मूळ कामाला धक्का लावते की काय, हे मात्र तपासून घेतले पाहिजे. माझ्या आजच्या भाषणाचा सगळा गाभा येथे आहे.

डोक्यावरच्या वस्तूकडून माणसाने फार जुन्या काळापासून दोन कामांची अपेक्षा केली आहे: सावली आणि संरक्षण. ही दोन कामे एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. साहेबी अमलातली शोलाची हॅट घ्या. पाणथळीत उगवणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या भेंडापासून ती बनवीत. हलकी, हवेशीर, भोवती रुंद कड. सावलीचे काम ती उत्तम करी, पण घोड्यावरून पडले तर तिचा फारसा उपयोग नव्हता. दुसऱ्या टोकाला लढाईतला पोलादी टोप. ज्याला फारसीत "खूद" म्हणतात, तो आपल्याकडे मोगलांच्या आणि मराठ्यांच्या सैन्यांत वापरात होता. मोठ्या संग्रहालयांतील शस्त्रांच्या दालनांत तो आपण पाहिला असेल: वाटीसारखी पोलादी टोपी, मानेवर कड्यांची झालर, माथ्यावर टोक, आणि पुढे नाकावर येणारी एक उभी पोलादी पट्टी. ही पट्टी मला नेहमी विशेष वाटते. ती पक्की जडलेली नसते. टोपीवरच्या एका खाचेतून ती वरखाली सरकते. लढाईला तोंड लागले की खाली ओढावयाची आणि काम संपले की वर सरकवून आकड्याला अडकवावयाची किंवा मळसूत्राने आवळून टाकावयाची. चेहऱ्यासमोर हवी तेव्हा यावी आणि नको तेव्हा दूर व्हावी, ही कल्पना आपल्याकडच्या लोहारांना शतकांपूर्वी सुचलेली होती. आणि त्यांनी ती टोपीच्या बाहेरच्या अंगावर बसविली, हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मोटरसायकलचे हेल्मेट मात्र अगदी अलीकडचे. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. शर्यतीत पडणाऱ्यांच्या डोक्याच्या जखमा पाहून त्यांनी १९१४ साली कॅनव्हास आणि लाख यांची टोपी बनवून घेतली व शर्यतीत ती सक्तीची करविली. लाख म्हणजे आपल्या जंगलांत झाडांवर होते तीच. स्वारांची प्रथम तक्रार होतीच! त्यानंतरचा टप्पा दुःखाचा आहे. "लॉरेन्स ऑफ अरेबिया" या नावाने प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटरसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात पडला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो गेला. त्याच्या उपचारांसाठी आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हे मरण टाळता आले असते, हा विचार त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप पोहोचविणारे मोटरसायकलस्वार मोठ्या संख्येने मरत होते. केर्न्स यांनी त्यांचा अभ्यास करून १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांवर ती सक्ती येण्यास तेथेही १९७३ साल उजाडावे लागले.

या सगळ्या काळात उन्हासाठी स्वाराजवळ काय होते? चामड्याच्या पट्ट्याचा गॉगल. काळ्या काचेची खरी गरज मोटरसायकलच्याही आधी विमानात भासली. ढगांच्या वर गेलेला वैमानिक क्षणात सूर्याकडे वळतो, क्षणात सूर्य पाठीशी घेतो. गॉगल काढा-घालायला त्याला हात मोकळा नसतो. म्हणून १९५० च्या दशकातल्या जेट विमानांच्या वैमानिकांसाठी हेल्मेटच्या कपाळावर काळी काच बसविण्यात आली. ती वरखाली सरकत असे आणि वर असताना एका आवरणाखाली झाकलेली राही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या शिरस्त्राणावरही उन्हाची वेगळी काच होती आणि तिच्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा होता. आपल्या महाराजपूरच्या विमानतळावर १९८५ पासून मिराज विमाने आहेत. ती डोक्यावरून जातात तेव्हा आपली मुले वर पाहून हात हलवितात. त्या प्रत्येक वैमानिकाच्या डोक्यावर काळ्या काचेची ही सोय असते. सारांश, ज्याला काही मंडळी खेळणे म्हणतात त्याचे कूळ लष्करी आहे. फरक इतकाच की, वैमानिकाची काच खुदाच्या पट्टीप्रमाणे कवचाच्या बाहेर असते. मोटरसायकलच्या हेल्मेटात कारखानदारांनी तिला आत घेतले. आत घेण्याचे कारण उघड आहे. तोंड झाकणाऱ्या हेल्मेटाला बाहेरून पारदर्शक काच असतेच, तिच्यावर वाऱ्याचा जोर येतो, आणि बाहेरून आणखी एक काच लावली तर वाऱ्याने ती फडफडते, मान ओढते.

आता आतली रचना. गेल्या वर्षी मी आमच्या प्रयोगशाळेत मुलांकडून दोन जुनी हेल्मेटे करवतीने मधोमध उभी कापवून घेतली. दोन्हींत सरकती काच होती. (करवत कोणी धरावी यावरून वर्गात जवळजवळ मारामारी झाली. विज्ञानाची एवढी ओढ मी क्वचित पाहिली आहे.) कापल्यावर तीन थर दिसले. बाहेर प्लॅस्टिकचे टणक कवच, त्याच्या आत पांढरा थर्माकोल, आणि सर्वांत आत कापडाची गादी. काळी काच राहते ती कवच आणि थर्माकोल यांच्यामधल्या कपाळावरच्या पोकळीत. दोन्ही कानशिलांजवळ तिला एकेक खुंटी असते आणि त्या खुंट्यांवर ती झोपाळ्यासारखी फिरते. तिला हलविणारा खटका बहुधा हेल्मेटच्या डाव्या कडेला, जबड्याजवळ असतो. डाव्याच बाजूला का, हे मी मुलांना विचारले. एका मुलीने तत्काळ उत्तर दिले, "सर, उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो." अगदी बरोबर. उजवा हात सोडला की गाडीचा वेग मोडतो. डावा हात क्षणभर सुटू शकतो.

खटक्यापासून काचेपर्यंत हालचाल पोहोचविण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कापलेल्यांपैकी एकात सायकलच्या ब्रेकसारखी बारीक तार होती: आवरणातून जाणारी, खटका मागे ढकलला की काचेला खाली ओढणारी. दुसऱ्यात एक लहान दांडी थेट खुंटीला जोडलेली होती. काही हेल्मेटांत खटका माथ्यावर असतो, काहींत स्प्रिंग असते आणि कळ दाबताच काच फटकन वर जाते. मला स्वतःला स्प्रिंगची तऱ्हा आवडते, कारण अंधारात शिरताना वर जाण्याची घाई असते, खाली येण्याची नसते. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. रणरणत्या उन्हातून पुलाखालच्या सावलीत शिरताना नाकावरचा गॉगल काढण्यास, तेही हेल्मेटाच्या आतून, तीन सेकंद लागले तर तेहतीस मीटर अंतर आपण अंदाजाने गेलो. खटक्याला एका सेकंदाहून कमी वेळ लागतो. ही सोय मी मोठी मानतो.

आता उलट बाजू ऐका. थर्माकोल तेथे कशासाठी आहे? पुष्कळांना वाटते, डोके वाचविते ते बाहेरचे टणक कवच. कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवून देते, हे खरे. पण डोके सावकाश थांबविण्याचे काम थर्माकोलचे आहे. समजा, दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले. (गाडीवरून घसरून पडणाऱ्याचे डोके जमिनीवर येते ते साधारण एवढ्या उंचीवरून, समोरच्या वाहनावर आदळणे ही याहून भयंकर गोष्ट झाली.) दीड मीटर म्हणजे दीडशे सेंटिमीटर. थांबण्यास अडीच सेंटिमीटर जागा मिळाली, तर दीडशे भागिले अडीच म्हणजे साठ. डोक्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या साठपट जोर आला. डोक्याचे वजन पाच किलो धरले तर तीनशे किलो. आता जागा एक सेंटिमीटरने कमी करा. दीडशे भागिले दीड म्हणजे शंभर, पाचशे किलो. हेल्मेट नसेल आणि थांबण्यास अर्धाच सेंटिमीटर मिळाला तर तीनशेपट, म्हणजे दीड हजार किलो. प्रत्यक्षात थर्माकोल पूर्ण चेपत नाही आणि जोर सारखा येत नाही, म्हणून जाडी याहून अधिक ठेवावी लागते. पण हिशेबाची दिशा हीच. एका सेंटिमीटरला दोनशे किलो!

आणि काळी काच नेमकी ही जागा मागते. काच स्वतः पातळ असते, परंतु तिला कवचाशी किंवा थर्माकोलशी न घासता सरकता यावे म्हणून मागेपुढे मोकळी जागा हवी, खुंट्यांना जागा हवी, खटक्याला जागा हवी. ही जागा देण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, कवच मोठे करावयाचे. हेल्मेट थोडे मोठे दिसते, थोडे जड होते, साचे महाग पडतात. दुसरा, कपाळावरचा थर्माकोल खरवडून पातळ करावयाचा. हेल्मेट बाहेरून सुबक दिसते आणि स्वस्त पडते. आमच्या कापलेल्या दोन हेल्मेटांत हे दोन्ही मार्ग समोरासमोर दिसले. एकाचे कवच कपाळावर स्पष्ट फुगविलेले होते आणि आतला थर्माकोल सगळीकडे सारखा होता. दुसऱ्यात कपाळावरचा थर्माकोल मागच्यापेक्षा इतका पातळ की, फूटपट्टी लावण्याची गरजच नव्हती. मुले गप्प झाली. ज्या मुलाने ते दुसरे हेल्मेट आणले होते, त्याने ते घरी नेऊन वडिलांना दाखवितो म्हणून मागून घेतले.

हा वाद ग्वाल्हेरच्या मंडळापुरता नाही. जपानमध्ये हेल्मेट बनविणाऱ्या दोन नामांकित कंपन्या आहेत. त्यांपैकी अराईने आत काच बसविण्याचे नाकारले. कवच आणि थर्माकोल यांच्यात पोकळी नको, असे तिचे मत, आणि उन्हासाठी तिने बाहेरून लावण्याची काच काढली. शोएईने आतली काच पत्करली, पण कवचाची घडण त्या हिशेबाने केली. दोघांचीही हेल्मेटे जगभर विश्वासाने वापरली जातात. यावरून मी असे समजतो की, आतली काच ही मुळात वाईट वस्तू नाही. जागा कोठून घेतली, हा प्रश्न आहे. आपल्या देशात दिल्ली-फरिदाबादकडचे कारखाने आहेत, आपल्या बेळगावातही वेगाचा कारखाना आहे, आणि सरकत्या काचेची हेल्मेटे आज सर्रास मिळतात. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनविणे व विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे मिळतात आणि त्यांतही काळी काच असते. तशा हेल्मेटात काळी काच ही केवळ गिऱ्हाइकाला भुलविण्याची वस्तू होय. काच पाहून हेल्मेट घेऊ नये; हेल्मेट पाहून झाल्यावर काच पाहावी.

काच किती काळी असावी, याबद्दल थोडे. काळी म्हणजे चांगली, ही समजूत चूक आहे. उन्हाच्या चष्म्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणात वर्ग पाडलेले आहेत, आणि शंभरातला आठ भागांहून कमी प्रकाश आत सोडणारा चष्मा वाहन चालविण्यास अयोग्य ठरविला आहे. आता एक गणित पाहा. तुमच्या हेल्मेटची बाहेरची काच रंगीत आहे आणि निम्मा प्रकाश अडविते. आत तुम्ही बाजारातला गडद गॉगल घातला आहे, तो शंभरातले पंधरा भाग सोडतो. दोन्ही मिळून किती? पन्नासांतले पंधरा टक्के, म्हणजे साडेसात. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे ठीक आहे, पण दोन्ही मिळून तुम्ही वाहन चालविण्याच्या मर्यादेखाली गेलात! म्हणून बाहेरची काच नेहमी स्वच्छ पारदर्शक ठेवावी, तिच्यावर फिल्म लावू नये, आणि काळोखाचे काम एकट्या आतल्या काचेवर सोपवावे. सरकत्या काचेचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मते हाच की, तिच्यामुळे बाहेरची काच काळी करण्याचे कारण उरत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात आणि दिवे लागल्यावर आतली काच वरच राहिली पाहिजे. वर नेली तरी बाहेरची काच खाली असते, त्यामुळे धूळ आणि किडे यांचा प्रश्न येत नाही.

खेळणे मोडते, या आक्षेपात थोडे तथ्य आहे. आपल्याकडची धूळ खाचेत शिरली की खटका जड होतो. पण बहुतेक चांगल्या हेल्मेटांत काच हाताने काढता येते. महिन्यातून एकदा ती काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, मऊ ओल्या कापडाने टिपावी. कोरड्या साफीने पुसली की धुळीचे कण ओरखडे पाडतात. आणि कृपा करून ती पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नका. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक आहे. आपटल्यावर तिच्या ठिकऱ्या डोळ्यांत जात नाहीत, उन्हातील अतिनील किरणही ती अडविते, पण अशा द्रवांनी तिला बारीक तडे जातात. एखादी तार तुटून काच वरच अडकून राहिली तर हेल्मेट निकामी होत नाही. ते साधे हेल्मेट म्हणून वापरावे. काच खाली अडकली तर मात्र दुरुस्त होईपर्यंत ती काढून ठेवावी. हेल्मेट एकदा अपघातात जोरात आपटले की मात्र टाकून द्यावे. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून ते कळत नाही.

तेव्हा मंडळापुढे माझे मत असे आहे. काळ्या काचेचे हेल्मेट घ्यावे, परंतु वर्गणीच्या पैशात बसते म्हणून सर्वांत स्वस्त काळ्या काचेचे घेऊ नये. पैसा कमी पडत असेल तर चांगले साधे हेल्मेट द्यावे, किंवा बक्षिसांची संख्या दोन वर्षांत विभागावी. हलक्या प्रतीच्या काळ्या काचेपेक्षा उत्तम प्रतीचे साधे हेल्मेट केव्हाही बरे. खरेदीला जाताना आय. एस. ४१५१ हा क्रमांक आणि त्याखालचा परवान्याचा क्रमांक पाहावा. तो मानक ब्यूरोच्या मोबाईल ॲपवर घालून खरा की खोटा, हे दुकानातच कळते. आतली गादी बाजूला सारून कपाळावरचा थर्माकोल बोटाने चाचपावा आणि मागच्याशी ताडून पाहावा. आणि सगळी हेल्मेटे एका मापाची मुळीच आणू नयेत. विद्यार्थ्यांच्या डोक्याची मापे आधी फितीने घ्यावीत, भुवयांच्या थोडे वर फीत धरून. सैल हेल्मेट अपघातात डोक्यावर राहत नाही. मग आत दोन काचा असोत की चार. मुलींनी ओढणीवरून हेल्मेट घालून माप पाहू नये, पातळ रुमाल बांधावा. ओढणीचा पदर खटक्यात अडकतो, हेही मी पाहिले आहे. आणखी एक विनंती आहे, मंडळाने ती विचारात घ्यावी. विद्यार्थ्याला एक हेल्मेट देण्याऐवजी दोन द्यावीत, दुसरे मागे बसणाऱ्यासाठी. मागच्याला काळी काच नसली तरी चालेल, त्यामुळे खर्चही फार वाढणार नाही.

बोलण्याचा वेळ संपत आला आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर मी तीन हेल्मेटे ठेवली आहेत: एक साधे, एक सरकत्या काचेचे आणि एक आमच्या मुलांनी कापलेले. चहापानाच्या वेळी ती हाताळून पाहावीत. ज्यांना चष्मा आहे त्यांनी आपला चष्मा लावूनच सरकत्या काचेचे हेल्मेट घालून पाहावे आणि खटका दोनतीनदा ओढावा; काच खाली आली असता चष्म्याला किंवा नाकाला टेकते की नाही, ते मला येऊन सांगावे. मंडळाची बैठक रविवारी आहे आणि चष्मेवाल्यांचे मत मला त्यापूर्वी कळवावयाचे आहे.